दाराशी कोण आलंय?
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय मीच मागून घेतला : घराचं प्रवेशद्वार. काहींना वाटेल, बँकेतल्या माणसाला यातलं काय कळतं? तर छत्तीस वर्षं मी ज्या दारातून नोकरीला गेलो, त्या दाराला साखळी असायची. शटर अर्धवट, एका वेळी एकच माणूस आत, तोही वाकून. तिथे रोकड असते, त्यामुळे ते योग्यच. पण घराचं दार म्हणजे बँकेचं दार नव्हे, हे समजायला मला रिटायर व्हावं लागलं.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडून आलेले. तिथे घराला ओसरी होती. आलेला माणूस आधी पायांवर पाणी घ्यायचा, ओसरीवर टेकायचा, गूळ-पाणी व्हायचं, मग कामाचं बोलणं. चपला, काठी, छत्री, सगळ्याला तिथे जागा. फ्लॅटमध्ये ओसरी गेली. मग आपण काय केलं? लँडिंगलाच ओसरी समजलो. चपलांचं कपाट बाहेर, कुंड्या बाहेर, नातवाची सायकल बाहेर. मीही तेच केलं.

आता जे सांगतो ते माझ्या चुकीचं आहे. सात वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास समोरच्या काकूंच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली, पण खालच्या माणसाला अंधारात फ्लॅटचा नंबर दिसेना. तो वर आला, तर लँडिंगवर स्ट्रेचर वळेना. आडवं होतं माझं कपाट. मी घाईघाईने ते ओढलं, दार उघडलं गेलं आणि चपला-बूट जिन्यावरून खाली गडगडले. शेवटी काकूंना आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी धरून, त्या चपलांतून वाट काढत खाली नेलं. काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, ही देवाची कृपा. त्यांनी मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. म्हणून तर ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. लँडिंग चार फूट. माझं कपाट पंधरा इंच, समोरच्या कुंड्या दहा इंच. उरले तेवीस इंच, म्हणजे दोन फूटही नाही! जिना आणि लँडिंग ही सगळ्यांची वाट असते. सोसायटीचे उपविधी तेच सांगतात, आणि राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही आहे. मी कमिटीवर असताना याच विषयावर इतरांना पत्रं पाठवली होती, आणि माझं कपाट जागच्या जागी होतं!

त्यानंतर आम्ही दोघांनी दाराची आतून-बाहेरून पुन्हा मांडणी केली. खर्च फार आला नाही. काय केलं ते सांगतो.

बाहेर काहीही ठेवायचं नाही. फक्त पायपुसणं, आणि तेही खाली रबर असलेलं. गुळगुळीत फरशीवर साधं पायपुसणं सरकतं आणि आपल्या वयाला एक घसरण पुरते. रांगोळी हवीच, पण दाराच्या कडेला, पाऊल पडतं तिथे नको. तोरण पाडव्याला, दसऱ्याला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं. सुकलं की उतरवायचं. दिवाळीत पणती जाळीच्या पडद्यापासून आणि प्लॅस्टिकच्या तोरणापासून लांब.

दारावर नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला. रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. हिशेब तपासून घ्या, जुनी सवय आहे! त्याच्या उजेडात नंबर जिन्यातूनच वाचता येतो.

नावाची पाटी बदलली. आधी फक्त माझं नाव होतं, खाली पदवी आणि हुद्दा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हुद्दा तसाच! आता हिचं नाव, मुलाचं, सुनेचं आणि नातीचंही आहे. त्या दिवशी सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण पाटीचा फोटो माहेरी गेला.

दाराची दुर्बीण माझ्या उंचीची होती. हिला टाचा उंचावाव्या लागत. मग कंटाळून ती न बघताच दार उघडायची. खाली दुसरी बसवून घेतली.

आत शिरल्यावर भिंतीला लागून बाक केलं, अठरा इंच उंच. खाली चपला, वर बसायला जागा. बसून बूट काढता येतात. बाजूला भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी. किल्ल्यांना खुंटी, ओल्या छत्रीला बादली. उंबरठ्याची संगमरवरी पट्टी फरशीच्याच रंगाची होती, दिसायची नाही. तिच्या कडेला गडद रंगाची पट्टी ओढली. शुभ म्हणून उंबरठा हवा, पण अडखळायला नको.

आणि शेवटचं. दाराजवळ एका फळीवर पाण्याची बाटली आणि पेले ठेवतो. मे महिन्यात चार मजले चढून कुरिअरवाला येतो, गॅस सिलेंडरवाला येतो. ओसरी गेली म्हणून पाणी विचारायची रीत कशाला जायला हवी?

सेफ्टी डोअर आल्यापासून आपण समोरच्याला जाळीतून ओळखतो. सुरक्षितता हवीच, एकट्या राहणाऱ्यांनी तर आधी बघावं, विचारावं, मगच उघडावं. पण संध्याकाळी तासभर आतलं दार उघडं आणि जाळीचं बंद, एवढं तर जमेल? पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा साखर मागायला दार वाजवावं लागत नव्हतं.

एकच विनंती. आज घरी गेल्यावर लगेच आत शिरू नका. किल्ली खिशात ठेवून पाहुण्यासारखे दाराबाहेर उभे राहा. नंबर दिसतो का, पाय कुठे अडतो, स्ट्रेचर वळेल का, ते बघा. मग बेल वाजवा.

काकू, त्या रात्रीबद्दल सगळ्यांसमोर माफी मागतो. कपाट आत घेतलंय.