वाडी लावावी, तगवावी

दांडीच्या मंडळींनो, तुमच्यातलं कुणी विचारतं, "महाराज, घरामागं दहा-पंधरा गुंठे आहेत. वाडी करायचीय, पण पैसा कुठनं आणू?" प्रश्न खरा आहे. सावता महाराजांनी अरणला मळा केला आणि मळ्यातच विठ्ठल पाहिला. तेव्हा वाडी करणं हाही परमार्थच. पण त्यासाठी घरच्या लक्ष्मीचं मंगळसूत्र सावकाराकडं ठेवू नका.

ऐका. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना 2018 साली सुरू झाली. कोकणात ती 10 गुंठ्यांपासून लागू होते. चिकू लावा, आंबा, नारळ लावा. अनुदान तीन वर्षांत येतं: पहिल्या वर्षी 50 टक्के, मग 30, मग 20. पण झाडं जगली तर! माळ घातली नि वारी चुकवली, तसं खड्डा खणला नि पाणी तोडलं, तर पुढचा हप्ता कुठला?

पिकाच्या खर्चाला किसान क्रेडिट कार्ड आहे. सातबारा घेऊन बँकेत जा. तीन लाखांपर्यंत व्याज 7 टक्के. वेळेवर फेडलं तर 3 टक्के सुटतात, उरतात 4. त्या पैशानं बी-खत घ्या, लग्नाचा मांडव घालू नका. शेतात पेरलेलं कर्ज उगवतं, मांडवात घातलेलं नुसतं वाढतं.

तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली, ती लोकांकडून येणं होतं त्याची. आपलं देणं मात्र आपणच फेडायचं, माउली!

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!