तिकिटावरची रात्र

दर वेळी आपण बचत आणि हप्त्यांचं बोलतो, आज विमानाचं बोलणार आहोत. हसू नका. आता लेकी लंडनला असतात आणि बाळंतपणाला आईलाच बोलावतात.

आमच्या गटातल्या एका काकू अशाच निघाल्या होत्या. तिकिटासाठी गटातून कर्ज काढलं. तिकिटावर छापलं होतं, १२ तारीख, ०२:००. शिकलेल्या म्हणून आम्हीच वाचून सांगितलं, "काकू, बारा तारखेला रात्री." बारा तारखेला डिंकाच्या लाडवांचे डबे बांधले, हातावर दही घातलं आणि त्यांना साताऱ्याहून गाडीत बसवलं. मुंबईला विमानतळाच्या दारावर जवानानं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं विमान आज पहाटेच गेलं."

आपली रात्र झोपून उठेपर्यंत आदल्या दिवसाचीच असते. तिकिटावर मात्र रात्री बारानंतर तारीख बदलते. परदेशी विमानाला तीन तास आधी पोहोचायचं, साताऱ्याहून पाच-सहा तास लागतात, शिवाय घाटात गाडी अडकली तर? म्हणजे ११ तारखेला दुपारीच घर सोडायला हवं होतं.

दुसरी चूक वेळेची. पोहोचायची वेळ होती सकाळी ०७:३०. घरच्यांना वाटलं, साडेपाच तासांचा तर प्रवास! पण निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, पोहोचायची लंडनच्या. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. ते साडेचार मिळवले की झाले दहा तास. हवेतलं अंतरच सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. येताना उलटं करायचं. रात्री ०९:०० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:३० ला मुंबई, म्हणजे दिसतात साडेतेरा तास, त्यातून साडेचार वजा केले की नऊ. एक तास वाचतो, कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. रस्ताही दर वेळी सरळ नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा त्यांच्या विमानांना वळसा घालून जावं लागलं आणि वेळ वाढला.

काकूंना साखर आहे, म्हणून हे तास महत्त्वाचे. दहा तासांत जेवणं किती, इन्सुलिन कधी, हे खरे तास सांगून डॉक्टरांना आधी विचारायचं. इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवायची. मोठ्या बॅगेत घातलं तर ते थंडीनं गोठून वाया जाऊ शकतं.

पहिल्या तिकिटाचे पैसे बुडाले. दुसऱ्यासाठी गटानं पुन्हा कर्ज दिलं. त्याचा पहिला हप्ता आम्ही भरला, चूक आमची होती. काकू पोहोचल्या तेव्हा नात दोन दिवसांची झाली होती.

कुणाच्या घरी तिकीट आलं असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. या वेळी एकटीनं नाही, तिघी-चौघी मिळून वाचू.