लहरींचा धबधबा



हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ, हा मुळात कानांचा छंद. जुन्या काळचा हौशी संदेशक रेडिओची तबकडी सावकाश फिरवी आणि खरखरीतून उमटणारा क्षीण स्वर टिपून घेई. एका वेळी त्याला एकच जागा ऐकता येई. शेजारच्या वारंवारतेवर कोणी साद घालत असले, तरी त्याला त्याचा पत्ता लागत नसे.

आज एसडीआर-शार्प, जीक्यूआरएक्स यांसारखी संगणकीय सॉफ्टवेअरे पट्ट्याचा मोठा भाग एकदम डोळ्यांपुढे मांडतात. अँटेनाने पकडलेल्या लहरींचे अंकांत रूपांतर होते आणि कूली व ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गणिती रीतीने प्रत्येक वारंवारतेचे बळ वेगळे काढले जाते. पडद्यावर आडवी वारंवारता, उभा काळ आणि रंगाच्या तेजात संदेशाचे बळ. ओळीमागून ओळ खाली सरकते, म्हणून या चित्राला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, म्हणतात. मोर्सचा संदेश त्यात तुटक रेघेसारखा दिसतो, तर मानवी आवाज सुमारे तीन किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्टीसारखा.

या चित्रात सूर्यही दिसतो. आयनांबराचा सर्वांत खालचा थर दिवसा ७ मेगाहर्ट्झच्या लहरी बऱ्याच अंशी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि दुपारी रिकाम्या वाटणाऱ्या जागी दूरदेशीच्या रेघा उजळू लागतात. पाठ्यपुस्तकातील आकृती अशी डोळ्यांदेखत सजीव होते.

परंतु या चित्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. रंगांची पातळी ठरवतो तो पाहणारा. ती चुकली, तर क्षीण संदेश पार्श्वभूमीत बुडून जातो. आणि संकटात सापडलेल्याचा संदेश पुष्कळदा क्षीणच असतो. शिवाय कोठे कोणी बोलत आहे, एवढेच चित्र सांगते. तो काय बोलत आहे, हे सांगत नाही.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगभरच्या हौशी संदेशकांशी संपर्क साधण्यासाठी पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि नेहमीचे दळणवळण कोलमडले. तेव्हा त्यांच्याच केंद्रावरून अंदमानातील माणसांची खबर मुख्य भूमीवर पोहोचू लागली. अशा प्रसंगी नाव नीट ऐकणे, लिहून घेणे आणि पुन्हा उच्चारून खात्री करणे, यालाच मोल असते. एक अक्षर चुकले, तर निरोप भलत्याच घरी जातो.

भारतात बारा वर्षांवरील विद्यार्थ्यालाही परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवता येतो. ज्यांना या वाटेने जावेसे वाटेल, त्यांनी धबधबा अवश्य पाहावा. त्यातील सर्वांत फिकट रेघ शोधावी, आणि मग पडद्यावरची नजर काढून तिच्यावर कान ठेवावा.