दोन दिशांची हगादा



1846 साली मुंबईत हिब्रू-मराठी हगादा शिळाछापावर निघाली. हाताने लिहिलेले पान दगडावर उतरे. उजवीकडून चालणारी हिब्रू व डावीकडून चालणारी मराठी शेजारी सुखाने नांदत. संगणकास हे सांगावे लागते.

येथे डब्लिनला मी घरची हगादा एचटीएमएलमध्ये लिहीत आहे. प्रत्येक हिब्रू उताऱ्यास भाषेची व दिशेची खूण हवी, अन्यथा पूर्णविराम भलत्या टोकास जातो. (रुग्णाच्या तक्त्याचेही असेच, चुकीच्या रकान्यातील नोंद काय कामाची?) मजकूर मात्र एकच: एका सीएसएसने छापील पाने, दुसऱ्याने ई-पुस्तक, ज्यात मंददृष्टी वडीलधाऱ्यांस अक्षर वाढविता येते.

जुन्या मराठी शब्दांचे अर्थ सांगणारी माणसे आता थोडी उरली. पेसाहपूर्वी आपल्या घरच्या प्रती घेऊन यावे. ते अर्थ नातवंडांसाठी त्याच मजकुरात जोडू.