नवी माध्यमे आणि आपला विवेक



दि. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. पण पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ निघाले. माध्यम ज्याच्या हाती, त्याचेच म्हणणे समाजापर्यंत पोहोचते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

आज मोबाईलमुळे ती अडवणूक राहिली नाही. वाडीवस्तीवरील मुलगीही आपले म्हणणे जगापुढे मांडू शकते. हे मोठे परिवर्तन आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. व्हॉट्सअॅपवरून पसरलेल्या अफवांनी पोटासाठी भटकणाऱ्या निरपराध माणसांचा बळी घेतला.

असे का होते? वर्तमानपत्रावर संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावे असतात. जाब विचारता येतो. पुढे ढकललेल्या संदेशाला धनी नसतो. शिवाय तो ओळखीच्या माणसाकडून येतो, म्हणून खरा वाटतो. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. पण खरी मर्यादा आपल्या मनाने घालायची असते.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते : ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हिताचे की अहिताचे, हे स्वतः पारखा. बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी वाक्येही या कसोटीतून सुटू नयेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. वाक्य त्यांत सापडले, तरच पुढे पाठवा.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या मुळशी तालुक्यात लवळे येथील विद्यापीठांत माध्यमांचे शिक्षण दिले जाते. तो अभ्यास आपल्या मुलामुलींनीही करावा. बातमी कोण घडवितो, कोणाची गाळली जाते, लाभ कोणाला होतो, हे जाणणारी माणसे समाजाला हवी आहेत. नुसते वापरणारे होऊ नका, जाणणारे व्हा.

जयभीम! नमो बुद्धाय!