लेकरांची जबानी



या संमेलनाचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो बहुमान केलात, त्याचे ऋण केवळ औपचारिक आभारांनी फेडण्यापेक्षा, बाल्याच्या इतिहासाचा अभ्यास करताना कित्येक वर्षे माझ्या मनाला टोचत राहिलेला एक प्रश्न आपल्यापुढे मांडावा, हे मला अधिक उचित वाटते. बाल्याविषयी आपल्यापाशी जी साधने आहेत, त्यांत प्रत्यक्ष मूल कितीसे बोलते?

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली असे प्रतिपादन केले की, मध्ययुगीन युरोपला बाल्य ही स्वतंत्र अवस्था म्हणून ठाऊकच नव्हती. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ आक्षेप आले. १९८३ साली लिंडा पोलॉक यांनी सुमारे पाचशे दैनंदिन्या व आत्मचरित्रे धुंडाळून, जुन्या काळचे आईबापही लेकरांच्या दुखण्याखुपण्याने व्याकूळ होत असत, असे दाखविले. त्या वादाचा निकाल लावण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु चित्रांवरून अनुमान करणारे आरिएस असोत वा दैनंदिन्यांवरून करणाऱ्या पोलॉक, दोघांच्याही साधनांत बहुतेक ठिकाणी मोठी माणसेच मुलांविषयी बोलत आहेत, ही अडचण मात्र आपलीही आहे.

आपली सरकारी दप्तरेच पाहा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांपुरते मर्यादित केले. कायद्याला मुलाचे वय कळते आणि तासही कळतात. पण मुंबईच्या गिरणीत नऊ तास उभे राहिलेल्या आठ वर्षांच्या पोराला सायंकाळी घरी परतताना काय वाटत असे, याची नोंद ठेवण्यास त्यात रकानाच नाही.

मग आपण आत्मचरित्रांकडे वळतो, आणि मराठीत तर या वाङ्मयाची समृद्धी मोठी आहे. वयाच्या अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाई, वडिलांच्या कडक सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळक, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात आईचे स्मरण लिहून काढणारे साने गुरुजी यांनी आपल्याला दिलेले बाल्य अमोल आहे, आणि त्यांच्या सचोटीविषयी मला यत्किंचितही शंका नाही. तथापि ते आयुष्याने पक्व केलेल्या मनाने मागे वळून पाहिलेले बाल्य आहे. याचा दाखला मला माझ्याच घरी मिळाला. शिक्षणासाठी मामांकडे घालविलेली वर्षे सुखाची होती, असे मी अर्धे आयुष्य सर्वांना सांगत आलो. पण आईच्या निधनानंतर तिच्या ट्रंकेत मी नवव्या वर्षी लिहिलेले एक पोस्टकार्ड सापडले, त्यात मला येथून घेऊन जा, एवढी एकच गोष्ट तीनदा लिहिलेली होती. मी खोटे बोलत नव्हतो. मी विसरलो होतो.

म्हणूनच जिथे शिकत्या वयाच्या मुलीची लेखणी स्वतः बोलते, तो कागद मला सर्व दप्तरांहून मोलाचा वाटतो. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाचा जाब विचारणारा म्हणून तो सर्वत्र गौरविला जातो, आणि तो गौरव यथार्थच आहे; पण बाल्याच्या अभ्यासकाने त्यातील एका जागी थांबले पाहिजे. उच्चवर्णीय मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी आपली लेकरे तक्रार करीत नाहीत, कारण त्यांच्याच घरी उष्टे मागावयास जावे लागते, असे ती सांगते. पोटासाठी वेदना गिळावी लागते, हे ज्ञान त्या वस्तीतील लेकराला किती लहानपणी होत असे, ते कोणत्याही कमिशनच्या अहवालाने यापूर्वी लिहून ठेवले असेल, असे मला वाटत नाही.

आजची स्थिती निराळी आहे, असे आपण म्हणाल. शिक्षणाचा हक्क २००९ साली कायद्यात आला, हे खरे. परंतु दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोडणीच्या टोळ्या आपापले कोयते घेऊन निघाल्या की, त्यांच्याबरोबर कारखान्यांच्या तळावर जाणारी मुले हजेरीपटावर गैरहजर म्हणून उरतात. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली, कारण मुलाचा दिवस कसा जातो हे त्यांनी आधी पाहिले होते. पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेल्या मुलीचा दिवस कसा जातो, हे आपल्यापैकी कितीजणांनी तिला विचारले आहे?

माझी आपणा सर्वांना विनंती एवढीच आहे. घरोघरी माळ्यावर पडलेल्या शाळेच्या वह्या, वसतिगृहांतून लिहिलेली पत्रे, मुलांनी काढलेली चित्रे रद्दीत जाऊ देऊ नका. ती ग्रंथालयांच्या आणि संशोधनसंस्थांच्या स्वाधीन करा. शिक्षकबंधूंनी मुलांकडून त्यांच्या दिवसाची हकीकत त्यांच्याच बोलीत लिहवून घ्यावी, त्यांच्या व पालकांच्या संमतीवाचून ती कोणाला दाखवू नये, आणि जतन करताना तिच्यातील ऱ्हस्वदीर्घही सुधारू नयेत.