साखरेचे पुढे काय होते?

(खडवली येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एमआरआयचा रिपोर्ट हातात घेऊन येणारी माणसे मला बहुधा एकच प्रश्न विचारतात. रेडिएशन झाले, औषधे झाली, तरी चित्रात डाग दिसतोच आहे. तो जिवंत गाठीचा की नुसत्या व्रणाचा? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि नेहमीच्या एमआरआयला त्याचे उत्तर बऱ्याचदा देता येत नाही. कारण ते चित्र मुख्यतः पाण्याचे आणि चरबीचे असते. पेशी कुठे आहे ते त्यात दिसते. पेशी काय खाते आणि खाल्लेल्याचे काय करते, ते दिसत नाही. ते दाखवणारा एमआरआय म्हणजे चयापचयाचा एमआरआय. त्याची अडचण एकच, पण मोठी आहे: संदेश फार क्षीण येतो.

हे मुळात शक्य आहे हे कळले ते दारूमुळे. आयोजकांनी माफ करावे, पण इतिहासच तसा आहे. 1951 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मत्ती आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलचा चुंबकीय अनुनाद मोजला, तेव्हा हायड्रोजनच्या एका संदेशाऐवजी तीन वेगळे संदेश मिळाले, तीनास दोनास एक या प्रमाणात. रेणूत ज्या तीन जागी हायड्रोजन बसलेला असतो, त्या तीन जागा. म्हणजे अणुकेंद्रक आपला शेजारही सांगते. यातले धर्मत्ती म्हणजे एस. एस. धर्मत्ती. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन मुंबईत या विद्येचा पाया त्यांनी घातला. आज एखादे यंत्र मेंदूतले लॅक्टेट आणि ग्लुटामेट वेगळे ओळखते, ते याच तत्त्वावर.

मग दवाखान्यात हे रोज का होत नाही? इथे थोडा हिशेब करावा लागेल. चुंबकात शिरल्यावर हायड्रोजनची केंद्रके काही चुंबकाच्या बाजूने, काही विरुद्ध बाजूने उभी राहतात आणि एकमेकांना जवळजवळ पूर्ण रद्द करतात. 3 टेस्लाच्या यंत्रात, शरीराच्या तापमानाला, दहा लाखांत साधारण दहाच शिल्लक उरतात. सगळा एमआरआय या दहांवर चालतो. पाणी मुबलक असल्यामुळे त्याचे भागते. लॅक्टेटचे भागत नाही, कारण त्याच्या हायड्रोजनपेक्षा पाण्याचा हायड्रोजन दहा हजार पटींहून जास्त असतो. कसाऱ्याकडे जाणारी मेल आपल्या स्टेशनात न थांबता धडधडत जात असताना शेजारचा कानात काही बोलला, तर किती ऐकू येईल? तशी ही गत आहे.

उपाय काय? पहिला सुचतो तो मोठा चुंबक. 3 ऐवजी 7 टेस्ला घेतला, तर ते दहा तेवीस होतात. खर्चाच्या मानाने ही वाढ मला फारशी आकर्षक वाटत नाही. दुसरा उपाय पुन्हा पुन्हा मोजण्याचा. त्यात मेख अशी की संदेश मोजमापांच्या संख्येने वाढतो, पण खरखरही त्या संख्येच्या वर्गमुळाने वाढते. दुप्पट स्वच्छ चित्रासाठी चौपट वेळ, म्हणजे दहा मिनिटांच्या जागी चाळीस. त्या बोगद्यात जे झोपून आलेत, त्यांना चाळीस मिनिटे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. तिसरा उपाय संदेश टिपणाऱ्या चांगल्या कॉइलचा. शरीराला चिकटून बसणाऱ्या, अनेक तुकड्यांच्या कॉइलनी बरीच मजल मारली आहे, आणि हे काम तुलनेने स्वस्तही आहे.

पण खरी उडी मारली ती हिशेबाच्या मुळाशी हात घालणाऱ्यांनी. दहा लाखांत दहाच का? उष्णता ही रांग मोडते म्हणून. मग नमुना गोठवायचा. उणे 272 अंशांच्या आसपास, चुंबकीय क्षेत्रात, नव्वद टक्क्यांहून अधिक इलेक्ट्रॉन एकाच बाजूला वळलेले असतात. त्यांची ही शिस्त मायक्रोवेव्हच्या मदतीने कार्बन-13च्या केंद्रकांकडे सोपवता येते. हे तत्त्व ओव्हरहाउसर यांनी 1953 साली मांडले होते. गोठलेला नमुना गरम पाण्याने झटक्यात विरघळवून ती शिस्त द्रवातही टिकवता येते, हे स्वीडनमधल्या आर्डेनकेअर-लार्सन आणि गोलमन यांच्या गटाने 2003 साली दाखवले. संदेश दहा हजार पटींहून अधिक वाढला. 2013 साली सॅन फ्रान्सिस्कोला प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या 31 रुग्णांना असे तयार केलेले, कार्बन-13 असलेले पायरुव्हेट (पेशीत साखर फुटताना होणारा पदार्थ) शिरेतून दिले, आणि गाठीत त्याचे लॅक्टेट होताना यंत्रात दिसले.

विज्ञान म्हणून हे थक्क करणारे आहे. पण ती शिस्त साधारण मिनिटाभरात एक तृतीयांशावर येते. एवढ्या वेळात विरघळवायचे, गाळायचे, आम्लता तपासायची, टोचायचे आणि चित्रही घ्यायचे. शेजारी द्रव हेलियमचे यंत्र आणि औषध तयार करणारी तज्ज्ञ मंडळी हवीत. आपल्या जिल्हा रुग्णालयात मला हे नजीकच्या काळात दिसत नाही.

मला आशा वाटते ती दुसऱ्या वाटेची. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. तो किरणोत्सारी नाही. इथल्या भातसा नदीच्या पाण्यातही तो आहे, सुमारे 6,400 हायड्रोजनमागे एक. 2018 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डी फेटर, डी ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूटेरियम जोडलेले ग्लुकोज लोकांना पाण्यातून प्यायला दिले, मधुमेहाच्या चाचणीला देतात तसे, आणि मग मेंदूचे चित्र घेतले. त्या ग्लुकोजचे कुठे ग्लुटामेट झाले आणि कुठे लॅक्टेट, ते दिसले. मेंदूच्या एका घातक गाठीत लॅक्टेट जास्त आणि ग्लुटामेट कमी भरले. पेटस्कॅनमध्ये साखर पेशीत शिरल्याचे कळते, पण तिचे पुढे काय झाले ते कळत नाही. शिवाय त्यात किरणोत्सार असतोच.

ड्यूटेरियमचा संदेश एरवी हायड्रोजनपेक्षा कितीतरी दुबळा. मग हे जमले कसे? एक तर तो क्षणार्धात पूर्वपदावर येतो, त्यामुळे थोड्या वेळात शेकडो वेळा मोजता येते. दुसरे कारण मला अधिक आवडते. शरीरातल्या पाण्यात तो मुळातच इतका कमी असतो की पाण्याचा संदेश ग्लुकोजच्याच तोलाचा येतो. ज्याला दाबण्यात आमची हयात गेली, ते पाणी इथे मोजमापाची पट्टी म्हणून उपयोगी पडते.

आणि या ड्यूटेरियमचा कच्चा माल म्हणजे जड पाणी, म्हणजेच ड्यूटेरियमचे पाणी. ते आपल्याकडे अलिबागजवळ थळला तयार होते, 1987 पासून, आरसीएफच्या खत कारखान्याला लागून. हेवी वॉटर बोर्डाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. अणुभट्टीपलीकडे ड्यूटेरियमचा उपयोग वाढवायला बोर्ड उत्सुकही आहे. यंत्राच्या बाजूने पाहिले, तर पवईच्या समीर संस्थेत देशी दीड टेस्लाचा एमआरआय उभा राहिला असून, 2025च्या मार्चमध्ये दिल्लीच्या एम्सशी त्याच्या चाचण्यांचा करार झाला.

मर्यादाही सांगतो. येलच्या चित्रातला एकेक ठिपका दोन सेंटिमीटरचा होता. छोटी गाठ त्यात हरवेल. दीड टेस्लावर तर संदेश आणखी उतरतो, म्हणून हे काम आधी 3 टेस्लाच्या यंत्रांवर करावे लागेल. अशी यंत्रे मुंबई-ठाण्यात आज आहेत, फक्त ती हायड्रोजनपुरतीच मांडलेली आहेत. 3 टेस्लावर ड्यूटेरियम सुमारे 20 मेगाहर्ट्झला बोलतो. त्यासाठी वेगळी कॉइल हवी, आणि ती वारंवारता समजणारा दुसरा मार्ग यंत्रात हवा. तो यंत्र विकत घेतानाच मागून घ्यायचा असतो. मागाहून बसवायला फार महाग पडतो.